आपल्या बोलीतलं नवं गाणं: आठ जण, आठ तऱ्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांच्या गावात रेंज ऐनवेळी दगा देते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "तर", "काय म्हणतात त्याला" बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर भाग माझा वाटला नसता.

शेलूबाजारहून बोलतोय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा निरोप आला. पोरगं अकरावी-बारावीतलं असावं. त्यानं लिहिलं, "दादा, नवीन काय ऐकू? मोबाइल उघडला का तेच तेच येते. आन् आपल्याकडचं कोणी गाते का नाय?" प्रश्न दोन ओळींचा, पण त्यातला दुसरा भाग माझ्या डोक्यात अडकून बसला. आपल्याकडचं कोणी गातं का? उत्तर आहे: गातं, आणि जोरात गातं. म्हणून आज आठ नावं सांगणार आहे. प्रत्येक नाव वेगळ्या तऱ्हेच्या गाण्याचं. नाव सांगून मोकळं होणार नाही. ती तऱ्हा कशी चालते, कानांनी काय पकडायचं, हेही सांगतो. आणि शेवटी हिशेबाचं थोडं बोलू, कारण गाणं ऐकल्यानं गाणाऱ्याच्या हातात काय पडतं हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं.

नावं निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, तो कलाकार गेल्या दहाएक वर्षांत लोकांसमोर आलेला असावा. वय कितीही असो. दोन, त्याच्या गाण्यात त्याची स्वतःची जमीन ऐकू यावी: बोली, ताल, वस्ती किंवा घराणं.

दुसऱ्या गोष्टीवर मी का अडलो ते आधी सांगतो. आपल्याकडं एक समीकरण पक्कं बसलंय. गंभीर काही म्हणायचं तर पुस्तकी मराठी, आणि वऱ्हाडी म्हटली की विनोद. नाटक असो, सिनेमा असो, "मले", "तुले" म्हणणारं पात्र आलं की लोक आधीच हसायला बसतात. शाळेत पोरानं "मले नाय येत" म्हटलं की मागून दुरुस्ती येते, "मला येत नाही म्हण." दुरुस्ती चांगल्या मनानं होते, मान्य. पण पोराच्या मनात काय बसतं? की माझ्या घरची भाषा बाजारात सोयाबीनचा भाव विचारायला चालते, चेष्टेला चालते. दुखलं-खुपलं सांगायला, प्रेम करायला, रागवायला दुसरी भाषा शिकावी लागते. ही गोष्ट लहान नाही, मंडळी. ज्याला आपल्या भाषेत गंभीर होता येत नाही, तो हळूहळू गप्प बसायला शिकतो. खाली ज्यांची नावं आहेत, ते गप्प बसलेले नाहीत.

१. रॅप: १००आरबीएच, अमरावती

नाव वाचायचं कसं ते आधी. शंभरला हिंदीत "सौ" म्हणतात. सौ, पुढं आर-बी-एच. जोडून वाचा: सौरभ. सौरभ अभ्यंकर, गाव अमरावती. २०२३ साली एमटीव्हीच्या "हसल" या रॅपच्या स्पर्धेत हा पोरगा देशभर दिसला, आणि अमरावतीचा ढंग सोबत घेऊनच दिसला.

रॅप म्हणजे नुसतं भरभर बोलणं, असा आपल्याकडं समज आहे. तसं नाही. मागं एक ठेका गोल फिरत असतो, चार-चार मोजणीचा. बोलणारा त्या चार मोजणीत शब्द बसवतो. कुठं दाटीवाटीनं, कुठं जागा सोडून. यमक बहुतेक चौथ्या मोजणीवर पडतं, आणि चांगला रॅपर तेच यमक मधेही लपवून ठेवतो. ही कला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास उभी राहिली असं मानतात. पण ठेक्यावर बोलत बोलत लोकांना धरून ठेवणं आपल्याला नवीन नाही. शाहिरानं तेच केलं, खंजिरी भजनवाल्यानंही.

आता बोलीचा फायदा बघा. वऱ्हाडीत "ळ" चा "य" होतो. डोळा म्हणजे "डोया", काळा म्हणजे "काया". पुस्तकी मराठीत "काळा" आणि "माया" यांचं यमक जुळत नाही. वऱ्हाडीत "काया, माया, छाया, वाया" एका रांगेत उभे राहतात. म्हणजे शाळेत जी चूक म्हणून खोडली जाते, ती रॅप लिहिणाऱ्याच्या हाती आलेली जास्तीची रसद आहे. तसंच "येऊन रायलो, पाहून रायलो" यातला "रायलो". तो ठेक्यावर असा आपटतो की त्याच्यापुढं "येत आहे" मिळमिळीत वाटतं.

ऐकताना आधी अर्थाकडं लक्ष देऊ नका. बोटानं चार मोजा आणि शब्द कुठं पडतात ते पकडा. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा अर्थ आपोआप येतो.

२. रॅप, पण जंगलातून: माही जी

माही जी म्हणजे मधुरा घाणे. महादेव कोळी समाजातली, अहिल्यानगर जिल्ह्यातली, शिक्षणानं इंजिनिअर. तिचं "जंगलचा राजा" हे गाणं आधी ऐका. आदिवासींवर गाणी पुष्कळ झाली. त्यातली बरीच बाहेरून पाहणाऱ्यांची: डोंगर, पाखरं, भोळी माणसं. इथं बोलणारी आतली आहे. ती जंगलाचं कौतुक करत बसत नाही, हक्क सांगते. रॅपला हे शोभतं, कारण त्याची मूळ चालच "मी कोण, कुठला" हे छातीठोक सांगण्याची आहे.

तिच्यासोबत आणखी एक ऐकून घ्या: मुंबईच्या "स्वदेशी" या गटाचं २०१९ चं "द वारली रिव्होल्ट". त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमध्ये रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली होती. गाणं आणि बातमी शेजारी शेजारी ठेवून ऐकलं की रॅपला "रस्त्यावरचं वर्तमानपत्र" का म्हणावंसं वाटतं ते कळतं. आणि ज्या घरात "रॅप काय पोरींचं काम हाय का" असं कोणी म्हणत असेल, तिथं माही जीच्या मागोमाग "वाइल्ड वाइल्ड विमेन" लावा. मुंबईतल्या मुलींचा हा गट मराठीसकट अनेक भाषांत रॅप करतो.

३. हाउस: क्रेटेक्स आणि श्रेयस

लग्नात, मिरवणुकीत "तांबडी चामडी" वाजलं नाही असं गाव आता शोधावं लागेल. क्रेटेक्स या नावानं संगीत करणारा कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांचं हे गाणं २०२४ मध्ये आलं, आणि आलं ते स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या कंपनीकडून. नाचाच्या संगीतात जगभर नावाजलेली ती कंपनी. तिनं मराठी शब्दांचं गाणं जसंच्या तसं घेतलं, हिंदी करून मागितलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

हाउस म्हणजे काय? हे संगीत १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शिकागो शहरात वाढलं. तिथं "वेअरहाउस" नावाचा क्लब होता, फ्रँकी नकल्स तिथं रेकॉर्ड लावायचा, त्या क्लबच्या नावावरून "हाउस". ओळखायचं सोपं: चारही मोजणीवर ढोलासारखा ठोका, न चुकता, मिनिटाला १२० ते १३० च्या घरात. ठोका अजिबात हलत नाही. त्याच्या वरचं सगळं हळूहळू बदलत जातं. एक आवाज येतो, दुसरा जातो, मग सगळं थांबतं, आणि पुन्हा ठोका पडला की अंगणातली माणसं एकदम उसळतात. आपल्या बँडवाल्याला ही युक्ती पाठ आहे. नवरदेव मंडपाच्या दारात आला की तो आधी वाजवणं तोडतो आणि मग एकदम सुरू करतो. तेच आहे ते.

आणि नाव मोठ्यानं म्हणून बघा, "तांबडी चामडी". दोन्ही शब्द तीन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी "डी". शब्दच ढोलकीवर वाजतात. इंग्रजी गाण्यासारखं वाटावं म्हणून मराठी वाकवलेली नाही. मराठी शब्दांतला ठोका शोधून काढलाय.

४. पॉप: संजू राठोड, जळगाव जिल्हा

"गुलाबी साडी" हे २०२४ चंच. गायक संजू राठोड, संगीत जी-स्पार्क. २०२५ मध्ये त्याचं "शेकी" आलं, तेही तुम्ही रीलवर हजारदा ऐकलं असणार. रीलवरचं गाणं म्हणून नाक मुरडू नका. पॉपमध्ये सगळ्यात अवघड काम असतं ते एक लहानशी ओळ बनवण्याचं. सूर थोडे, शब्द रोजचे, आणि एकदा ऐकली की जिभेवर बसली पाहिजे. पन्नास जणांना जमत नाही तेव्हा एकाला जमतं.

आमच्या वाशिम जिल्ह्यासाठी या नावात आणखी एक गोष्ट आहे. संजू बंजारा कुटुंबातला. आणि बंजारा समाजाची काशी म्हणतात ती पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. सेवालाल महाराजांचं ते ठिकाण. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीला लोक नंगारा भवन म्हणतात, कारण नंगारा हे या समाजाचं वाद्य.

आता मला खरं बोलायचंय ते हे. संजूची गाजलेली गाणी मराठीत आहेत. घरात गोरमाटी बोलणाऱ्या हजारो पोरांना त्यानं दाखवून दिलं की तांड्यातून निघून देशभर ऐकू जाता येतं. ते फार मोठं आहे. पण गोरमाटीचं काय? तिला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडं ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत. जी भाषा फारशी लिहिली जात नाही, ती गाण्यात जगते. होळीला तांड्यावर लेंगी म्हणतात ती ऐकली असेल तर कळेल, त्यात केवढा ठेका आणि केवढी थट्टामस्करी आहे. तेव्हा "शेकी" ऐका, जरूर ऐका, आणि येत्या होळीला जवळच्या तांड्यावर जाऊन लेंगीही ऐका. पुढचा संजू कदाचित तिथं उभा असेल आणि गोरमाटीत गात असेल.

५. अहिराणी: विनोद कुमावत

खानदेशातलं "हाई झुमका वाली पोर" यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलंय. गायक विनोद कुमावत. आपल्याकडच्या कितीतरी जणांना हे गाणं तोंडपाठ आहे आणि ते अहिराणीत आहे हे ठाऊक नाही. "हाई" म्हणजे ही. "पोर" म्हणजे मुलगी. "मना, तुना" म्हणजे माझा, तुझा. एवढं समजलं की अर्धं गाणं उलगडलं.

अहिराणी गाण्यांचा धंदा मला शिकण्यासारखा वाटतो. मुंबईची मोठी कंपनी कधी येईल याची वाट बघत ती पोरं बसली नाहीत. गाव आपलं, कलाकार आपले, कॅमेरा धरणारा आपला, चॅनल आपलं. आधी खानदेशानं ऐकलं, मग सुरत-मुंबईला कामासाठी गेलेल्या खानदेशी माणसांनी, मग इतरांनी. म्हणजे बोलीतलं गाणं छोट्या बाजाराचं असतं हा समज खोटा निघाला. त्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या माघारी १९५२ मध्ये पुस्तक होऊन आल्या, आणि घरच्या बोलीत केवढं मोठं काव्य असतं हे महाराष्ट्राला कळलं. त्यांची लेवा बोली निराळी आणि गाण्याचा बाजही निराळा, पण रस्ता त्यांनी दाखवलेला आहे.

वऱ्हाडाला हे अजून पुरतं जमलेलं नाही. का जमू नये, हे मला सांगा.

६. भीमगीत आणि एकतारी: कडूबाई खरात

यादीतला हा सगळ्यात कमी वाद्यांचा आवाज. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात. हातात एकतारी, तोंडात बाबासाहेबांचं गाणं. दारोदारी गाणाऱ्या या बाईंचा कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो पसरला, आणि पुढं मोठमोठ्या मंचांनी त्यांना बोलावलं.

१४ एप्रिलला भीमगीत आपण डीजेवर ऐकतो, छाती हादरेल एवढ्या आवाजात. त्याची मजा वेगळी. पण कडूबाईंना ऐकताना कळतं की या गाण्यांचा जीव शब्दांत आहे. एकतारीला एकच तार. ती सूर बदलत नाही, एकाच सुरावर टुणटुणत राहते. त्यामुळं गायकाला लपायला जागा नसते. आवाज कुठं चढला, कुठं कापरा झाला, सगळं उघडं. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी जी हजारो गाणी लिहिली ती अशीच गावोगाव फिरली, एका माणसाच्या गळ्यावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं ते ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंतही गाण्यांनी पोचवलं.

हेडफोन लावू नका. मोबाइल मधे ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासोबत ऐका.

७. रॉक: अभंग रिपोस्ट

मुंबईचा बँड. अभंग घेतात आणि गिटार, बेस, ड्रम यांच्यावर वाजवतात. ऐकणारे दोन गटांत पडतात. एक म्हणतो, "वा." दुसरा म्हणतो, "अभंगाची काय दशा केली." मी दुसऱ्या गटाला थोडं समजावून सांगतो.

अभंगाचा मोठा प्रकार मोजा: सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. लहान प्रकारात आठ आणि आठ. भजनाचा ठेका आठ मात्रांचा. रॉक संगीत चार-चार मोजतं. चार आणि चार आठ. म्हणजे टाळ-मृदंगाच्या जागी ड्रम आला तरी अभंगाला कुठं ओढून-ताणून बसवावं लागत नाही, तो सरळ बसतो. दिंडीत पावली खेळताना बघा, गती हळूहळू कशी वाढते, शेवटी कोण गातंय आणि कोण नाचतंय वेगळं करता येत नाही. रॉकच्या कार्यक्रमातही शेवट असाच होतो. ताकद तीच, आवाज मोठा.

विदर्भातल्या माणसाला हे पटायला हवं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि भजनातून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, देश असं सगळं सांगितलं. अकोल्याकडच्या सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात केल्या. सप्तखंजिरी समोर मांडून एकटा माणूस वाजवतो ते पाहिलं की ड्रमसेटचं कौतुक कमी होतं. भक्तीचं गाणं नव्या वाद्यावर नेणं ही आपल्याकडची जुनीच खोड आहे.

८. शास्त्रीय: विराज जोशी

"हे कुठून आलं मधेच?" असं वाटलं असेल. नवं म्हणजे फक्त रॅप आणि डीजे असं नसतं. शास्त्रीय गाण्यातही दर पिढीला कोणीतरी पहिल्यांदा मंचावर बसतं. विराज जोशी हे पंडित भीमसेन जोशींचे नातू, श्रीनिवास जोशींचे चिरंजीव. आजोबांनी गुरू सवाई गंधर्वांच्या नावानं पुण्यात १९५३ साली सुरू केलेला महोत्सव आजही भरतो. असं आडनाव घेऊन गायला बसणं सोपं नसतं. समोरचा प्रत्येक जण मनातल्या मनात तुलना करत असतो.

इथं बोलीची जागा घराणं घेतं. किराणा घराण्याची बोली म्हणजे सुराला घाई न करणं. विलंबित ख्याल बारा मात्रांच्या एकतालात असेल तर एक आवर्तन संपायला मिनिटभरही लागू शकतं. नव्या माणसाला वाटतं काहीच घडत नाहीये. घडतंय. गायक एका सुरापाशी थांबतो, आजूबाजूनं फिरतो, मग पुढच्या सुराला हात लावतो. विहिरीत पाणी किती आहे ते दोर सोडत सोडत बघावं तसं.

युक्ती सांगतो. शेलूवरून एसटीनं वाशिमला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक राग आरामात होतो. खिडकीशी बसा, लावा, आणि पहिली दहा मिनिटं काही कळलं नाही तरी बंद करू नका. तबल्याची लय वाढली की तुम्ही आत शिरलेले असाल.

आता हिशेबाचं

आपल्याकडं वर्षानुवर्षं गाणी मेमरी कार्डात भरून मिळायची. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, "जरा नवीन भरून दे ना भौ" म्हणायचं, काम झालं. आजही एकानं गाणं उतरवून घेतलं की ते व्हॉट्सअॅपवर फिरत राहतं. गाणं पसरतं, खोटं नाही. पण गाणाऱ्याच्या खात्यात त्याची नोंद होत नाही.

नोंद कशी होते? स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. २०२४ पासून तिथं नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. ऐकणारी माणसंही काही किमान वेगवेगळी असावी लागतात. तो आकडा कंपनी उघड करत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज.

मोठ्या कलाकाराला हे आकडे काहीच नाहीत. पण मंगरूळपीर-मानोऱ्याकडच्या एखाद्या पोरानं पहिलं गाणं टाकलं तर हा उंबरठा त्याला उंच आहे. आता गणित बघा. वीस माणसांनी ते गाणं आठवड्यातून एकदा ऐकलं, तर वर्षाला वीस गुणिले बावन्न, म्हणजे १,०४०. आकडा पार. हातात पडणारे पैसे थोडेच असतील, त्यावर घर चालणार नाही. पण "शून्य" आणि "थोडं" यांत फरक असतो. शिवाय जे गाणं ऐकलं जातं तेच मोबाइल पुढच्याला दाखवतो. वीस माणसं म्हणजे आपल्याकडं एक भजनी मंडळ. एवढी माणसं शेलूच्या बाजारात कोणत्याही चहाच्या टपरीभोवती मिळतात.

आणि ज्यांना स्वतः गायचंय, लिहायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, गाणं टाकताना गायक, गीतकार, संगीतकार, वादक सगळ्यांची नावं लिहा, हलगीवाल्याचं पण. दुसरी, कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो कोणा जाणत्याकडून वाचून घ्या. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला. ती रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासद होता येतं. तिसरी, तांड्यावरची लेंगी, आजीची ओवी, मंडळाचं भजन रेकॉर्ड करत असाल तर गाणाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांच्या नावानं टाका. समाजाचं गाणं एकाच्या नावावर चढलं की भांडण होतं, आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

मंडळी, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून आपल्या शेलूबाजारवरून केवढी वाहतूक धावते ते आपण बघतोच. गाड्या जातात, माल जातो. गाण्याला तर रस्ताही लागत नाही. लागतो तो गाणारा, आणि "हे आपलं आहे" म्हणून ऐकणारा. गाणारे तयार होतायत, हे या आठ नावांवरून दिसलं असेल.

ज्या पोरानं प्रश्न विचारला त्याला माझं उत्तर एवढंच: आठवड्याला एक नाव घे. आठ आठवडे पुरेल. एखादं आवडलं नाही तर सोडून दे, पण का आवडलं नाही ते दोन ओळींत लिहून पाठव. आणि तू स्वतः काही लिहीत असशील तर "मले", "तुले" खोडू नको.

तुमच्या गावात, तांड्यावर, मोहल्ल्यात कोणी नवं गात-वाजवत असेल तर त्यांना विचारून मला कळवा. पुढच्या एका भागात फक्त वाशिम, अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाण्याची नावं घ्यायचा विचार आहे. तोवर ऐकत राहा. रामराम, जयभीम, जय सेवालाल.